संधी येते तेव्हा ठरवायला वेळ नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मी २९ वर्षांचा आहे. ऐरोलीला राहतो, रबाळ्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत सहा वर्षं स्टोअरमध्ये आहे. माझ्याबरोबर लागलेला एक जण, कंपनीत नवी संगणक प्रणाली आली तेव्हा प्लॅनिंगला गेला. आज त्याचा पगार माझ्या दीडपट आहे. शिक्षण दोघांचं सारखंच. मला अशी संधी कधी आलीच नाही. सगळे सांगतात, मनाची तयारी ठेव, सकारात्मक राहा. प्रेरणा देणारे व्हिडिओ बघतो, दोन दिवस उत्साह राहतो, मग पुन्हा तेच. मनाची तयारी म्हणजे नेमकं करायचं काय? आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, तिथे तरी काही जमेल का? घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी आहे, घराचा हप्ता चालू आहे."

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये २८ वर्षं भरती आणि प्रशिक्षणाचं काम केलं. मुलाखतीच्या टेबलावर मी कायम पलीकडच्या खुर्चीत होते, त्यामुळे संधी कुणाच्या हातात पडते आणि कुणाच्या हातून निसटते, हे फार जवळून बघितलं आहे. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी तुझं एक वाक्य घेते. "मला अशी संधी कधी आलीच नाही." अरे, तुझ्याच प्रश्नात ती आहे. नवी प्रणाली प्लॅनिंगला येण्याआधी कुठे येते? स्टोअरला. मी अशी स्थित्यंतरं दोन कंपन्यांमध्ये बघितली. दोन्हीकडे गाडी पहिल्यांदा अडली ती मालाच्या यादीवर. एकच एम-१० चा ५० मिलीमीटर लांबीचा बोल्ट एका वहीत 'हेक्स बोल्ट एम १०', दुसऱ्या फाइलमध्ये 'बोल्ट १० बाय ५०' आणि तिसरीकडे पुरवठादाराच्या कोड नंबरने. बाहेरून आलेल्या सल्लागारांना कसं कळणार की हे तिन्ही एकाच रॅकच्या एकाच डब्यात पडलेले आहेत? ते स्टोअरवाल्यालाच माहीत. एका कंपनीत तेव्हा जो पोरगा रोज संध्याकाळी सल्लागारांशेजारी बसून "हे आणि हे एकच आहे, हे तीन वर्षांत हललेलं नाही" असं सांगत राहिला, त्याला सहा महिन्यांत अख्खी प्रणाली पाठ झाली. पुढे प्लॅनिंगला माणूस हवा होता तेव्हा त्याच्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडात आलंच नाही. तुझ्या सोबत्याचं काय झालं मला माहीत नाही, पण बहुतेक असंच काहीतरी असणार.

हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण उगाच पडलेली नाही. माणसाचं लक्ष असंच चालतं. १९९९ मध्ये डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली, त्यात काही जण एकमेकांकडे बास्केटबॉल टाकताहेत. पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंचे पास मोजा, एवढंच काम. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस त्यांच्यामधून चालत येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो गोरिला दिसलाच नाही. डोळे उघडे होते, पण मन मोजण्यात होतं.

दुसरा प्रयोग रिचर्ड वाइजमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा. स्वतःला नशीबवान समजणारे आणि कमनशिबी समजणारे, अशा दोघांना त्याने एक वर्तमानपत्र दिलं आणि आतली छायाचित्रं मोजायला सांगितली. दुसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: मोजणं थांबवा, या अंकात ४३ छायाचित्रं आहेत. स्वतःला नशीबवान म्हणवणाऱ्यांना ते चटकन दिसायचं. कमनशिबी म्हणवणारे बहुतेक शेवटपर्यंत मोजत बसायचे. वाइजमनचं म्हणणं असं की ही माणसं जास्त ताणाखाली असतात, आणि ताणाने नजर अरुंद होते. हप्ता, मुलीची शाळा, सुपरवायझरचा ओरडा, या सगळ्यात तूही गेली सहा वर्षं छायाचित्रं मोजतो आहेस.

मग मनाची तयारी म्हणजे काय? इतकी वर्षं माणसं बघून मी एका गोष्टीवर आले आहे. संधी समोर येते त्या दिवशी ज्याला ठरवायचं फार थोडं उरलेलं असतं, त्याचं मन तयार आहे असं मी म्हणते. उत्साह त्या दिवशी असो वा नसो. काय येतं, काय येत नाही, घरचे काय म्हणतील, किती पैशांपर्यंत धोका पत्करायचा, हे सगळं आधीच कधीतरी शांतपणे ठरलेलं असतं. मग समोरच्याने विचारलं की तोंडातून एक स्वच्छ वाक्य निघतं.

ते वाक्य कसं असतं, ते एकदा रात्री पावणेनऊला मी कानांनी ऐकलं आहे. पावसाळ्याचे दिवस, दुसरी पाळी. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवरचा अनुभवी ऑपरेटर डेंग्यूने पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माल गाडीत भरायचा होता. काम काही सोपं नव्हतं: ३२ मिलीमीटरचं बोअर, म्हणजे भोक, आणि त्याच्या मापात सूट फक्त २५ मायक्रॉनची, म्हणजे मिलीमीटरच्या चाळिसाव्या भागाची. सुपरवायझर हेल्परांपाशी आला आणि म्हणाला, "कोणी चालवेल का?" तिघे उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिसरा, येऊन चौदा महिने झालेला, आयटीआय झालेला मुलगा म्हणाला, "सर, सेटिंग झालेलं आहे तर मी चालवतो. पहिला पीस तुम्ही तपासून द्या. अलार्म आला तर मशीन थांबवून तुम्हाला बोलवीन."

मी तिथे प्रशिक्षणाच्या नोंदी घ्यायला उभी होते आणि ते वाक्य ऐकून थबकले. त्यात बढाई नव्हती, लाजणंही नव्हतं. मला काय येतं, काय येत नाही आणि जे येत नाही तिथे मी काय करीन, तिन्ही गोष्टी सांगून झाल्या होत्या. असं बोलणाऱ्या माणसावर सुपरवायझरला भरवसा टाकता येतो. "हो सर, सगळं येतं" म्हणणाऱ्यावर टाकता येत नाही, कारण तो माणूस रात्री दोन वाजता टूल तोडून ठेवील अशी भीती असते.

नंतर मी त्या मुलाला विचारलं, इतक्या पटकन कसं सुचलं तुला? त्याने अ‍ॅप्रनच्या खिशातून शंभर पानी वही काढली. कव्हरला कूलंटचे तेलकट डाग. आत प्रत्येक अलार्मचा नंबर, तो आला तेव्हा मशीनवर काय दिसत होतं आणि सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, काय केलं, एका ओळीत. जिथे सेटरने केलेलं कळलं नव्हतं तिथे प्रश्नचिन्ह. आणि शेवटच्या पानावर दोन रकाने होते: 'मी एकटा करू शकतो' आणि 'विचारून करीन'. दर महिन्याला तो एखादी ओळ दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात नेत होता. म्हणजे सुपरवायझरने त्या रात्री जे विचारलं त्याचं उत्तर त्याने महिनाभर आधीच लिहून ठेवलं होतं. पुढे तो सेटर झाला, मग प्रोग्रॅम लिहायला लागला, आज एक अख्खा विभाग सांभाळतो. बाकीचे दोघेही चांगली मुलं होती, कामात कमी नव्हती. आपल्याला किती येतं हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं, आणि न मोजलेली गोष्ट ऐनवेळी कमीच वाटते.

लुई पाश्चर हा फ्रेंच शास्त्रज्ञ ७ डिसेंबर १८५४ रोजी फ्रान्समधल्या दुए इथल्या भाषणात म्हणाला होता की निरीक्षणाच्या क्षेत्रात योगायोग फक्त तयार मनालाच साथ देतो. हे वाक्य आता भिंतीवर टांगायचं झालं आहे, पण तो ते कशाबद्दल बोलत होता हे फारसं कुणी सांगत नाही. तो बोलत होता डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाबद्दल. १८२० मध्ये कोपनहेगनला विजेच्या तारेशेजारची होकायंत्राची सुई हलली आणि वीज-चुंबकाचं नातं सापडलं. सुई जराशीच हलली होती, पण ओर्स्टेड कित्येक वर्षं त्या नात्याच्या शोधात होता. म्हणून सुई थरथरली तेव्हा 'टेबलाला धक्का लागला असेल' असं म्हणून त्याने ते सोडून दिलं नाही. पेनिसिलिनचंही तसंच. १९२८ मध्ये जंतू वाढवायच्या फ्लेमिंगच्या बशीत बुरशी वाढली, आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले होते. पण पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून मरणारे सैनिक त्याने बघितले होते, आणि जंतू मारणारं काही सापडतं का याचं वेड त्याला आधीपासून होतं. शिवाय तिथून औषध हातात यायला फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांना पुढे कष्ट करावे लागले, हेही लक्षात ठेव. दिसणं आणि हातात येणं यात बरंच अंतर असतं.

मला मात्र शास्त्रज्ञांपेक्षा क्रिकेटपटू एकनाथ सोलकर जास्त उपयोगी पडतो. माझे वडील क्रिकेटवेडे होते, त्यांच्याकडून ऐकलेलं. हिंदू जिमखान्याचं मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. १९७१ मध्ये ओव्हलला वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने अ‍ॅलन नॉटचा झेल घेतला, पुढे झेपावून, जमिनीलगत. तो डाव चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन गाजवला, इंग्लंड १०१ मध्ये गारद झालं आणि वाडेकरच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. त्या जागेवर चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. तेवढ्यात 'पकडू का नको' हा विचार होऊच शकत नाही. कुठे उभं राहायचं, वजन कुठल्या पायावर, हात किती खाली, हे गोलंदाज धावायला लागायच्या आधी ठरलेलं असतं.

याची आणखी एक बाजू आहे, आणि तुझ्यासाठी तीच महत्त्वाची आहे. त्या जागेवर दिवसभरात शेकडो चेंडू येतच नाहीत. तरीही तो प्रत्येक चेंडूला तेवढाच वाकून उभा राहायचा. तयारी कंटाळवाणी असते रे. चौदा महिने वही लिहिताना त्या मुलालाही कुणी शाबासकी दिली नव्हती. व्हिडिओ बघून येणारा उत्साह इथेच मार खातो, कारण तो झेल दाखवतो, मधलं वाकून उभं राहणं दाखवत नाही.

त्या व्हिडिओंबद्दल स्पष्टच सांगते. गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीतल्या पदवीधर विद्यार्थ्यांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. आपल्याला छान नोकरी लागली आहे अशी सुखस्वप्नं जे जास्त रंगवत, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाला. ज्यांना अनुभवाच्या आधारावर 'मला मिळेल' असा विश्वास होता, त्यांचं उलट चांगलं झालं. स्वप्न रंगवलं की मनाला वाटतं झालंच, मग हातपाय हलत नाहीत. व्हिडिओ करमणूक म्हणून बघ, माझी हरकत नाही. तयारी म्हणून बघू नकोस.

आता माझीच एक गोष्ट. २००६ साल. आमच्या कंपनीचा चाकणला नवा कारखाना होत होता आणि तिथे प्रशिक्षण विभाग उभा करायला आठ महिन्यांसाठी कुणीतरी हवं होतं. गुरुवारी दुपारी साहेबांनी मला बोलावलं. सोमवारपर्यंत सांगा म्हणाले. मला ते काम हवं होतं, मनापासून हवं होतं. पण मुलगा सहावीत, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि मी कधी बाहेरगावी राहीन हा विषय आमच्या घरी एकदाही निघाला नव्हता. मी शुक्रवार, शनिवार मनातच घोळवत राहिले. रविवारी रात्री बोलले, तेही भांडी आवरता आवरता. अर्थातच वादावादी झाली. सोमवारी साहेबांना म्हटलं, अजून दोन दिवस द्या. मंगळवारी दुसऱ्याचं नाव गेलेलं होतं. साहेबांचं काही चुकलं नाही, त्यांना कारखाना सुरू करायचा होता.

महिन्याभराने हे सहज म्हणाले, "तू आधी बोलली असतीस तर आईला ताईकडे ठेवता आलं असतं." ते वाक्य अजून टोचतं. मला काम येत होतं, पात्रता होती, इच्छाही होती. फक्त जे बोलणं वर्षभर आधी चहा पिताना व्हायला हवं होतं, ते मी चार दिवसांत उरकू बघितलं. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून ठरवलं: सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहावं लागलं तर हो, मुलाच्या दहावीच्या वर्षी नाही, शनिवारी घरी येता आलं पाहिजे. तीन वर्षांनी गुजरातमधल्या कारखान्यासाठी विचारणा झाली तेव्हा मी त्याच खुर्चीत बसून हो म्हटलं.

या पद्धतीला मानसशास्त्रात आधार आहे हे मला नंतर कळलं. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडस्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळनंतर दोन दिवसांच्या आत एक टिपण लिहून पाठवायचं होतं. काहींना आधीच विचारलं, ते नेमकं कुठे आणि कधी बसून लिहिणार? ज्यांनी जागा आणि वेळ ठरवली त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी टिपण वेळेत पाठवलं. ज्यांना विचारलं नव्हतं त्यांच्यापैकी फक्त सुमारे एक तृतीयांशांनी. एरवी आपण म्हणतो, जर-तरची भाषा नको. इथे नेमकी तीच हवी. 'जर प्लॅनिंगमधला कुणी रजेवर गेला आणि साहेबांनी विचारलं, तर मी म्हणेन की दैनिक अहवाल मी काढतो, बाकीचं दोन दिवस दाखवा.' असं वाक्य खरंच कागदावर लिही. वाचायला बाळबोध वाटेल, पण त्या क्षणी जीभ अडखळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नकोस. हातात आलेल्या नोकऱ्या मी क्षुल्लक कारणांनी जाताना बघितल्या आहेत. आधारवर नाव एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर एक. आधीच्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र आणलंच नाही. परदेशातल्या मूळ कंपनीत तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं आणि पासपोर्टच नाही. एका मुलाच्या बाबतीत हे झालं, त्याच्या जागी दुसरा गेला, आणि परत आल्यावर ते मशीन त्या दुसऱ्याचं झालं. पासपोर्ट काढून ठेव. नावातली तफावत आता दुरुस्त कर. नियुक्तिपत्रात तुझा नोटीस पीरियड किती दिवसांचा आहे, ते वाचून ठेव. मुलाखतीत हे विचारतात, आणि "बघून सांगतो" म्हणणारे उमेदवार मला दर आठवड्याला भेटायचे.

आणि थोडे पैसे. हप्ता असताना सोपं नाही, जाणते. पण तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता बाजूला असेल तर माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. तीन हजार कमी पगाराची पण शिकायला मिळणारी जागा तो स्वीकारू शकतो. गाठीशी काही नसलेल्याला ती जागा कितीही चांगली असली तरी सोडावी लागते. हीसुद्धा मनाचीच तयारी, फक्त ती बँकेत राहते.

संधीची बातमी कुठून येते, हाही प्रश्न तुला पडायला हवा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, ज्याने बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होतात? नेहमी भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले १७ टक्केसुद्धा नव्हते. निम्म्याहून जास्त जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्याने दिली होती, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त जणांना क्वचितच भेटणाऱ्याने. कारण सरळ आहे. तुझ्या जिवलग मित्राला जे माहीत आहे ते बहुधा तुलाही माहीतच असतं. दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून तळोज्याला गेलेला स्टोअरकीपर, माल घेऊन येणारा ट्रान्सपोर्टवाला, तुमचं ऑडिट करायला वर्षातून एकदा येणारा मुलगा, यांच्या कानावर वेगळ्या गोष्टी असतात. यांना वर्षातून दोनदा फोन कर, नुसती विचारपूस करायला. गरज पडल्यावर पहिला फोन केलास तर ती तहान लागल्यावर विहीर खणणं झालं. मीसुद्धा पलीकडच्या खुर्चीतून कितीतरी माणसं अशीच शोधली: ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये ठाण्याला चढणाऱ्या ओळखीच्या बाईला विचारून, तुमच्याकडे कुणी आहे का म्हणून.

आता विमानतळ. त्याचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवासी विमानं उडायला लागली २५ डिसेंबर २०२५ पासून. म्हणजे जवळपास आठ वर्षं ही संधी आपल्या डोळ्यांदेखत, उलव्याची टेकडी कापून, डंपरच्या धुळीत तयार होत होती. आपल्या भागात हे पुन्हा पुन्हा झालं आहे. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ ला सुरू झालं, २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. यातलं एकही काही रातोरात उगवलं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे रासायनिक कारखाने बंद पडत गेले आणि तिथे काचेच्या इमारती आल्या, तेव्हाही ज्यांनी बदल चार-पाच वर्षं आधी ओळखला ती माणसं तरली. मोठी संधी दारात यायच्या आधी बरीच वर्षं लांबून हात करत असते. आपण तिच्याकडे 'होईल तेव्हा बघू' म्हणून बघतो.

तुझं तिथे जमेल का? विमानतळ म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर गणवेशातली काउंटरवरची माणसं येत असतील. तू मालाचा माणूस आहेस, तर मालाकडे बघ. कार्गो, गोदामं, सुटे भाग, खानपान पुरवणाऱ्या कंपन्या, आणि विमानतळाबाहेर पनवेल-उरण पट्ट्यात वाढणारी साठवणुकीची कामं. तिथे धोकादायक मालाची हाताळणी हा वेगळा शिकायचा विषय आहे, त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं. विमानतळाच्या आत काम करायचं तर प्रवेशपत्र लागतं आणि त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी होते. वर सांगितलेली कागदपत्रं इथेही आडवी येतील. आणि एक कळकळीचं सांगणं: विमानतळावर नोकरी लावतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांब. नोकरी देणारा खरा मालक उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कशाला नाही म्हणायचं हेही आधीच ठरलेलं असावं, नाहीतर आशेच्या भरात माणूस बायकोचे दागिने मोडतो.

सगळं मनावर अवलंबून आहे असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. कंत्राटावर दहा-दहा वर्षं राबलेली, वहीच्या वह्या भरलेली माणसं मी बघितली आहेत, ज्यांना कायम करायची दारंच बंद होती. रात्रपाळी करता येत नाही म्हणून मागे राहिलेल्या हुशार मुली बघितल्या. साहेबाच्या भाच्यासाठी जागा राखलेलीही बघितली. तयारी असलेल्या माणसालाही नकार मिळतो, आणि तेव्हा त्याला 'तुझ्या मनातच खोट' म्हणणं हा अन्याय आहे. तयार माणसाला एवढंच मिळतं की दार किलकिलं झालं तर ते त्याला दिसतं आणि आत शिरायला त्याला चार दिवस लागत नाहीत. मला हे पुरेसं वाटतं, कारण दार उघडणं आपल्या हातात नसलं तरी एवढं असतं.

तुझ्या जागेवर मी काय केलं असतं ते सांगते. स्टोअर ही तुला अडगळीची जागा वाटते, पण कंपनीचा पैसा जिथे पडून असतो ती ही जागा. सोमवारी गेलास की वर्षभरात न हललेल्या मालाची यादी काढायला घे. फक्त नग मोजू नकोस, समोर किंमत लिही. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढणं, येत नसेल तर दोन रविवारी येईल. मग बघ, कुठला पुरवठादार सतत उशीर करतो, कुठला माल दर वेळी घाईघाईत जास्त भावाने आणावा लागतो. मालपावती करताना तुझ्यासमोरून रोज जी बिलं, ई-वे बिलं जातात, ती पहिल्यांदा नीट वाच. आयात माल येत असेल तर त्याची कागदपत्रंही. आणि त्या मुलासारखे दोन रकाने आख. तीन महिन्यांनी ती यादी साहेबांसमोर ठेव, "एवढ्या रुपयांचा माल वर्षभर पडून आहे, यातला एवढा परत जाऊ शकतो असं मला वाटतं, पुरवठादाराशी खरेदीवाल्यांनी बोलावं लागेल." खरेदी-विक्रीची चर्चा पुढच्या वेळी निघाली की तुला बोलावतील. नाही बोलावलं तर ती यादी कसा बनवायचास हे पुढच्या मुलाखतीत सांग. मी पलीकडे बसले असते तर खुर्ची पुढे ओढून ऐकलं असतं.

पण हे सगळं सोमवारपासून. आज रात्री मुलगी झोपली की बायकोशी बोल. पनवेलपर्यंत रोज जायचं झालं तर चालेल का? रात्रपाळी आली तर मुलीला सकाळी कोण सांभाळेल? वर्षभर पगार किती कमी आला तर घर निभेल, नेमका आकडा काय? तिलाही स्वतःसाठी काही करायचं असेल, तेही विचार; तिच्या वाटेला काही आलं तर तुझं उत्तर काय, हे तिला कळू दे. तिने नाही म्हटलं तर वाद घालू नकोस, नाही कशाला आणि हो कशाला, एवढं समजून घे आणि लिहून ठेव.